चार किलो आणि नवा तांदूळ

शाळेतलं माझं पहिलं भांडण झालं ते काट्या-चमच्यावरून. मेसमध्ये रुजू होऊन चार दिवस झाले होते आणि मी बांगड्याचं कालवण केलं होतं. बाहेर येऊन बघते तर अडीचशे पोरं पाठ ताठ करून, कोपरं अंगाशी धरून काट्याने बांगडा सोलतायत. निम्मे काटे बांगड्याच्या पोटात, निम्मे पोरांच्या घशात. मला राहवलं नाही. "अरे, हाताला काय लकवा झालाय का तुमच्या? देवाने पाच काटे दिलेत ना प्रत्येकाला?"

पोरं हसली. सुभेदारसाहेब हसले नाहीत. सैन्यातून निवृत्त होऊन ते शाळेत कवायत आणि शिस्त बघायला आले होते, आणि त्यांच्या मते जेवण हीसुद्धा एक कवायतच होती. "बाई, ही पोरं उद्याचे ऑफिसर आहेत. टेबल मॅनर्स अभ्यासात आहेत त्यांच्या."

"मग अभ्यास कटलेटवर करा. बांगड्यावर नको."

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. तेही निवृत्त कर्नल, पण मूळचे किनाऱ्याकडचे, त्यामुळे माशाचा पक्ष त्यांना कळला. मासे असतील त्या दिवशी हात, बाकी दिवस काटा-चमचा, असा तह झाला. त्यानंतर सुभेदारसाहेब आणि मी रोज भांडत आलो, आणि एकमेकांच्या हातचा चहा दोघांनीही कधी नाकारला नाही.

मी डहाणूची. घरी चिकूची वाडी आहे, ती नवरा बघतो. मी लग्नाकार्यातल्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचे. मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर घर खायला उठलं, तेव्हा कुणीतरी ह्या शाळेचं सांगितलं. तलासरी तालुक्यात, झरीच्या पुढे डोंगराकडच्या अंगाला ही शाळा. सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून मुलगे इथे राहून शिकतात. पहाटे बिगूल, मग पीटी, मग न्याहारी, मग वर्ग, मग मैदान, आणि ह्या सगळ्यात दिवसातून चार वेळा माझ्या दारात अडीचशे भुकेलेली तोंडं. सोमवार ते शनिवार मी तिथेच एका खोलीत राहायचे. नवरा म्हणायचा, "तुला आम्हा दोघातिघांना वाढून समाधानच नव्हतं कधी." खोटं नव्हतं ते.

मेसचे नियम कर्नलसाहेबांनी घातलेले, आणि ते मला मनापासून पटले. सगळ्यांना एकाच भांड्यातलं. कुणासाठी वेगळं शिजणार नाही, प्राचार्यांसाठीसुद्धा नाही. ताटात टाकायचं नाही. शेवटचा मुलगा उठेपर्यंत कुणी टेबल सोडायचं नाही. मुंबईच्या एका पोराने एकदा "मावशी, मला जरा वेगळं पनीर" असं म्हटलं, तेव्हा मी काही बोलायच्या आतच मेसच्या कॅप्टनने त्याला गप्प केलं. "इथे वेगळं नसतं," एवढंच म्हणाला. आवाज न चढवता.

हा कॅप्टन म्हणजेच ज्याची गोष्ट मी सांगतेय तो मुलगा. उधव्याच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे, तिथला. घरी थोडं भात, थोडी नागली, बाकी आईबाप मजुरीला. सहावीत शाळेत आला तेव्हा काठीला सदरा अडकवल्यासारखा दिसायचा आणि बारावीत गेला तरी काठी फक्त लांब झाली होती. पण धावायला लागला की मैदानावरचे सगळे बघत राहायचे. अभ्यासात तसाच. लष्करी अकादमीची लेखी परीक्षा पास झाला, पाच दिवसांची मुलाखत पास झाला. त्याच्या पाड्यावरून तोवर कुणी तालुक्याच्या पलीकडे नोकरीला गेलं नव्हतं. शाळेत आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

आणि वैद्यकीय तपासणीत पोरगा अडकला. वजन चार किलो कमी.

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होती. तेव्हाही वजन भरलं नाही तर ते वर्ष गेलं, आणि वयाचा हिशोब बघता पुढची संधी मिळेल याची खात्री नव्हती. कर्नलसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. पोरगा खिडकीपाशी सावधान उभा होता, कान लाल झालेले.

"लेखी आमच्या शिक्षकांनी करून घेतलं, मुलाखत मी करून घेतली," कर्नलसाहेब म्हणाले. "हे चार किलो तुमचे, बाई."

मला कसा आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी ह्या शाळेत होते, पण पोरांना अधिकारी करण्यात माझा हात लागतो असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "चार काय, पाच घालते."

त्याला वेगळं काही देता येणार नव्हतं, तो घेणारही नव्हता. म्हणून मी अख्ख्या शाळेचंच खाणं वाढवलं. सकाळी तूप घालून पेज, मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे, संध्याकाळी आमच्या वाडीतले चिकू घालून दूध. चिकू नवऱ्याने टेम्पोत घालून पाठवले, वर निरोप धाडला की ह्याच्या निम्मे चिकू तू मला घातले असतेस तर मीही सैन्यात गेलो असतो. सगळी पोरं गालफडं भरून हिंडायला लागली. दर शनिवारी कोठीतल्या पोत्यांच्या वजनकाट्यावर मी त्याला उभं करायचे आणि सुभेदारसाहेब चष्मा लावून आकडा वाचायचे. दोन आठवड्यांत दोन किलो वाढले. मी त्या दिवशी शेवया केल्या.

तिसऱ्या आठवड्यात काटा हलला नाही. चौथ्यात अर्धा किलो खाली आला.

"चोरून धावतो हा," सुभेदारसाहेब म्हणाले. त्यांनी पाळत ठेवली. नव्हता धावत. मी त्याच्या ताटावर नजर ठेवली. चपाती दोन घ्यायचा, डाळ, भाजी, अंडं, सगळं घ्यायचा, आणि भाताची परात आली की तळहात आडवा. "बस, मावशी." पेजेलाही तेच. भातावर वाढलेलं पोर ते, चपाती त्याच्या अंगी लागायची नाही. नुसत्या चपात्या कितीशा खाणार?

माझा स्वभाव तसा बरा, पण भडकले की भडकले. पुढच्या दुपारी सगळ्या मेससमोर मी डाव आपटला. "काय रे, लग्नाला उभं राहायचंय का, कंबर बारीक ठेवायला? इथे अख्खी शाळा तुझ्यासाठी तूप पितेय आणि तू भाताला नाही म्हणतोस? जायचं नाहीये का तुला?"

तो उभा राहिला. "जायचंय, मावशी." आणि खाली बसून चपातीचा तुकडा मोडायला लागला. अडीचशे पोरं ताटात बघत होती. मला माझीच लाज वाटली, पण ते कबूल करायला मी अजून तयार नव्हते.

स्वयंपाकघरात माझ्या हाताखाली जवळच्याच पाड्यावरची एक बाई होती, भाकऱ्या तिच्यासारख्या कुणाच्या होत नसत. ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाई, उगा ओरडलात. त्याच्या पाड्यावर नवं झालं नसंल अजून."

मी जागच्या जागी थांबले. शितावरून भाताची परीक्षा करणारी म्हणून मी आयुष्यभर मिरवलं, आणि समोरची परात मला दिसली नव्हती! तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच मी तांदूळ बदलला होता. वेवजीचा गुजराती व्यापारी पोतं उघडून म्हणाला होता, "बेन, आ तो नवा चोखा छे, जोई लो." मी मूठभर हुंगला आणि खुळावले. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताचा, नुकता कांडलेला, गोडसर वासाचा. म्हटलं, ह्याची पेज म्हणजे अंगाला लागलीच. पंचवीस पोती एकदम उतरवून घेतली, कर्नलसाहेबांशी वाद घालून.

नवं आमच्याकडेही असतं. कोजागिरीला आम्ही नव्या तांदळाची खीर करतो, देवाला दाखवतो, झालं. पण डोंगरातल्या पाड्यांवर तसं नाही. तिथे कणसरीला, म्हणजे त्यांच्या धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय नव्या भाताचं शीत तोंडात घालत नाहीत, आणि दाखवायचं ते सगळ्या पाड्याने एकाच दिवशी. शेवटच्या घरचं शेत कापून झालं की पाड्याचा पुजारी, भगत, दिवस सांगतो. तोवर ज्याचं भात आधी पिकलं तोही थांबतो. त्या वर्षी पाऊस लांबला होता, उशिरा पिकणारं गरवं भात अजून शेतात उभं होतं.

मी त्याला कोठीत बोलावलं. "बोलायचंस ना, बाबा! तुला जुना तांदूळ शिजवला असता मी."

"वेगळा?" तो म्हणाला. बस, एवढंच. मेसचा कॅप्टन होता तो.

कर्नलसाहेबांकडे जाऊन "पंचवीस पोती परत पाठवू या" म्हणायला माझं तोंड नव्हतं. भांडून घेतली होती ना! डहाणूच्या दोन व्यापाऱ्यांना फोन केले, अख्ख्या मेसला पुरेल इतका जुना तांदूळ त्यांच्याकडे नव्हता. तपासणीला दोन आठवडे उरले होते आणि अडीच किलो बाकी. मग मी जे केलं ते मी अजून देवापुढे नीट कबूल केलेलं नाही, पण इथे लिहिते.

मी खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये उभी राहून मोठ्याने सांगितलं, "पोरांनो, तो नवा तांदूळ चिकट होतो, पोटाला जड. व्यापाऱ्याने बदलून दिलाय. आजपासून जुना." आणि त्याच पंचवीस पोत्यांतला तांदूळ घेऊन त्याचा मसालेभात केला. लवंग, दालचिनी, काळा मसाला, वरून खोबरं-कोथिंबीर, नव्या तांदळाचा वास नाकाला कळू नये इतकं सगळं. भाकऱ्या करणाऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं. तिच्या पाड्यावरचं नवं आधीच झालं होतं, तिला खाण्याची अडचण नव्हती. पण ती म्हणाली, "हे पाप तुमच्या डोक्यावर हां, बाई."

"असू दे. डोकं मोठं आहे माझं."

परात त्याच्यापाशी आली तेव्हा मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मग तळहात बाजूला घेतला आणि ताट पुढे केलं. तीन डाव भात खाल्ला त्याने. मी आत जाऊन पाणी प्यायले.

दोन आठवडे मी रोज फोडणी घातली. मसालेभात, खिचडी, वांगीभात, कोळंबीभात. साधा पांढरा भात एकदाही नाही. सुभेदारसाहेब वैतागून म्हणाले, "बाई, इथे लग्न आहे का रोज?" शेवटच्या शनिवारी काटा हवा होता तिथे गेला आणि वर बोटभर सरकला. सुभेदारसाहेबांनी आकडा दोनदा वाचला. तेच त्याला तपासणीला घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी दोघे परत आले ते थेट स्वयंपाकघरात. पोरगा माझ्या पाया पडला. सुभेदारसाहेबांनी स्वतःच ताट घेतलं, चुलीपाशी स्टुलावर बसले आणि खिचडी हाताने खाल्ली. काट्या-चमच्याशिवाय! तो दिवस मी लक्षात ठेवलाय.

सगळे खूश होते. कर्नलसाहेब सभेत म्हणाले की सर्वांसोबत, सर्वांएवढंच घेण्याची शिस्त ह्या मुलाने शाळेत मिळवली. टाळ्या पडल्या. मला मात्र ते सुखाने ऐकवेना. त्याला मी फसवून खाऊ घातलं होतं, आणि त्याला ते माहीतही नव्हतं, असं मला वाटत होतं.

पंधरा दिवसांनी त्याच्या पाड्याने नव्याचा दिवस ठरवला. तो सुट्टी घेऊन निघाला तेव्हा म्हणाला, "मावशी, आईने तुम्हाला बोलावलंय." नाही कसं म्हणू? उधव्यापर्यंत टमटम, पुढे चालत. डोंगर पिवळा झाला होता, शेतं कापून मोकळी. खळ्यावर शेणाने सारवून मध्ये भाताची रास घातली होती, पुढे सूप, नारळ, एक कोंबडी. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. त्याची आई माझ्या शेजारी येऊन बसली. हडकुळी, मुलासारखीच लांब, हसली की सगळे दात दिसायचे. तिथे सगळे सगळ्यांना अरेतुरेच करतात, मलाही केलं, आणि मला ते बरं वाटलं.

भगताने पूजा मांडली. मग एकेका घरातल्या थोरल्या मुलाने पुढे यायचं आणि सुपातला नव्या भाताचा घास देवीपुढे ठेवायचा. त्याचं घर आलं. तो उठला नाही.

"ऊठ ना," बाप म्हणाला.

"माझ्या हाताने नको. मी आधीच खाल्लंय."

भगताने मान वर केली. मी उभी राहिले. "त्याने नाही खाल्लं, मी खायला घातलं. जुना म्हणून सांगून नवा वाढला. त्याला ठाऊक नव्हतं. काय दंड करायचा तो मला करा."

"ठाऊक होतं, मावशी," तो म्हणाला. शाळेत बोलायचा तसाच, आवाज न चढवता. "पहिल्या घासालाच कळलं. आमच्या घरात दुसरं काय पिकतं? मसाल्याने झाकतं होय ते?"

"मग खाल्लंस कशाला?"

"सगळ्यांच्याच भांड्यातलं होतं. तुम्ही माझ्यासाठी अडीचशे जणांना खोटं सांगितलं होतं. आणि..." तो खाली बघायला लागला. "मला जायचं होतं, मावशी. लई जायचं होतं."

मला रडूच आलं. मी भर मेसमध्ये त्याला हेच विचारलं होतं, जायचं नाहीये का तुला म्हणून.

तेवढ्यात माझ्या शेजारून त्याची आई ताडकन उठली. मला वाटलं, आता ही मला धरते. ती सरळ पोराकडे गेली आणि त्याचा कान पिळला. "येड्या! तुझं नवं कवाच झालंय!"

"कवा?"

"दसऱ्याला. माळावरलं हळवं पहिलं पिकलं, तवाच चार कणसं खुडली न कणसरीला दावली. म्हटलं, आई, माझा पोरगा परमुलखात जेवतो, तिथं कुणाला काय ठावं नाय. त्याचं एवढं नवं आदी घे. उपाशी राहील तो."

भगताचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पाड्याच्या आदी? एकटीनं?"

"देवीनं घेतलं. मी काय करू?"

खळ्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. पोरगा कान चोळत उभा होता. "मग मला सांगितलं का नाय, आये? मी दोन आठवडे..."

"सांगितलं असतं त ऐकलं असतंस? म्हटलं असतंस, सगळ्यांच्या आदी माझं एकट्याचं कशाला, वेगळं कशाला. मी वळखत नाय तुला? चिमुकला होतास तवापास्नं असाच."

मी खाली बसले. कर्नलसाहेबांची टाळ्यांची सभा आठवली मला. शाळेने शिकवलं म्हणे! अहो, हे पोरगं ते घरून घेऊन आलं होतं, आम्ही फक्त त्याला नियम म्हणून नाव दिलं होतं.

भगताने शेवटी निवाडा दिला. मुलाने घास ठेवायचा. आणि खोटं बोलणाऱ्या दोघी बायांनी अख्ख्या पाड्याला वाढायचं आणि सगळ्यांच्या मागून जेवायचं. मला असा दंड आयुष्यात कुणी केला नव्हता. मी पदर खोचला. पानावर पांढरा भात, वर उडदाचं वरण, फोडणी नाही, मसाला नाही. त्याला वाढताना मी मुद्दाम डाव वर धरला. "जुना आहे हां."

"हो, मावशी," तो म्हणाला, "वासावरूनच कळतंय." आणि चार डाव जेवला.

सगळे उठल्यावर आम्ही दोघी खळ्याच्या कडेला एकाच पानावर बसलो. ऊन कलायला लागलं होतं. ती दोन घास खाऊन थांबली. पोरगा पलीकडे लहान पोरांना कवायत शिकवत होता, त्याच्याकडे बघत राहिली. मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"बाय," ती म्हणाली, "हितं मी होते, तिथं तू होतीस. आता जाईल तिथं त्याच्यासाठी खोटं कोण बोलंल?"

दसऱ्याची ती चार कणसं खुडलीच नव्हती तर!

"असेल गं कुणीतरी," मी म्हटलं. "प्रत्येक मेसमध्ये एक असतेच." आणि तिच्या पुढ्यात आणखी एक डाव भात वाढला.